एफ/१६ चं सोवळं

परवा पुन्हा तेच झालं. आमच्या फोटोग्राफी क्लबची महिन्याची बैठक होती. प्रत्येकाने तीन फोटो आणायचे, ते प्रोजेक्टरवर लावायचे आणि मग ज्येष्ठ मंडळींनी त्यावर बोलायचं असा शिरस्ता आहे. माझा पहिला फोटो लागला. वाळूवर पसरलेली मर्यादवेल, तिचं एकच जांभळं फूल अगदी स्पष्ट, आणि मागे समुद्र. समुद्र आहे हे कळतं, पण लाटा मोजता येत नाहीत. करड्या-निळ्या रंगाचे आडवे पट्टे, त्यातला एक पांढरा पट्टा म्हणजे फुटणारी लाट, आणि उजवीकडचा काळसर डाग म्हणजे वर ओढून ठेवलेली होडी.

दोन सेकंद शांतता. मग एक सर म्हणाले, "अ‍ॅपर्चर किती?"

"एफ/२, सर."

"लँडस्केपमध्ये टाकलायस ना? मग एफ/२ कशाला? एफ/११, एफ/१६ पाहिजे. समुद्र आउट ऑफ फोकस गेलाय."

"गेला नाही सर, मी घालवलाय."

लोक थोडे हसले. सर हसले नाहीत. "फुलाचा फोटो म्हणून ठीक आहे," असं म्हणाले आणि पुढचा फोटो लागला.

हाच फोटो मी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही टाकला होता. तिथे गावाहून आत्याचा निरोप आला : "अरे, दर्या खंय गेलो? माका काय दिसना नाय." म्हणजे एकीकडे तीस वर्षं कॅमेरा हाताळलेले सर आणि दुसरीकडे कॅमेरा हातात न धरलेली आत्या, दोघांचं माझ्या विरोधात एकमत. अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. मी इथे लिहायला बसलो. :)

इथे येणाऱ्या मंडळींपैकी अर्ध्यांना कॅमेऱ्यात रस नाही, हे मला माहीत आहे, म्हणून आधी दोन ओळीत सांगतो. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं लहान-मोठं करता येणारं भोक. एफ/२ म्हणजे लेन्सच्या फोकल लेंग्थचा निम्मा भाग, एफ/१६ म्हणजे सोळावा भाग. हे अपूर्णांक आहेत, त्यामुळे खालचा आकडा लहान तितकं भोक मोठं. ५० मिमीच्या लेन्सला एफ/२ म्हणजे २५ मिमीचं भोक, एक रुपयाच्या जुन्या स्टीलच्या नाण्याएवढं. एफ/१६ म्हणजे जेमतेम ३ मिमी, बाजरीच्या टपोऱ्या दाण्याएवढं. भोक लहान केलं की जवळचं आणि लांबचं दोन्ही स्पष्ट येतं, पण उजेड कमी मिळतो. मोठं केलं की उजेड भरपूर, पण ज्या अंतरावर फोकस केला तेवढंच स्पष्ट, पुढचं-मागचं धूसर. ५० मिमी लेन्स, एफ/१.८, दोन मीटरवर फोकस : जेमतेम १७-१८ सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. वीतभर. बाकीचं सगळं विरघळतं.

आता यावरून जे सोवळं पाळलं जातं ते असं. माणसांचे फोटो काढताना भोक मोठं करावं, निसर्गाचे काढताना बारीक करावं. लँडस्केप म्हणजे पायाच्या नखापासून क्षितिजापर्यंत सगळं शार्प. २४ मिमीची लेन्स, एफ/१६, सव्वा मीटरवर फोकस, की साधारण ६० सेंटिमीटरपासून अनंतापर्यंत सगळं खात्यावर जमा. ट्रायपॉड लावा, फिल्टर लावा, सूर्यास्ताची वाट बघा, बटण दाबा. नवीन आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी हे सांगितलं जातं, आणि का ते सांगितलं जात नाही. तो पुढे दहा वर्षं तेच करतो आणि मग अकराव्या वर्षी दुसऱ्या मुलाला तेच सांगतो.

माझा आक्षेप एफ/१६ ला नाही. माझा आक्षेप न विचारण्याला आहे.

हा नियम आला कुठून ते जरा बघू. १९३२ साली कॅलिफोर्नियात अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम वगैरे मंडळींनी 'ग्रुप एफ/६४' नावाचा गट काढला आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या डी यंग म्युझियममध्ये प्रदर्शन भरवलं. त्या काळी फोटोला 'कला' म्हणवून घ्यायचं तर तो चित्रासारखा, मऊ, धुक्यातला दिसला पाहिजे अशी रीत होती. त्याला कंटाळून या लोकांनी उलट टोक पकडलं : कॅमेऱ्याला जे स्पष्ट दिसतं ते स्पष्टच दाखवायचं. वेस्टनने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर पॉइंट लोबोसला खडक, मुळं आणि समुद्री गवताचे जे फोटो काढले ते बघितले की या हट्टामागचा अर्थ कळतो. त्या दगडाची प्रत्येक सुरकुती त्याला हवी होती, कारण सुरकुती हाच त्याचा विषय होता.

म्हणजे आज जो नियम आपल्याला ज्येष्ठ मंडळी ऐकवतात तो मुळात एका बंडाचा नारा होता. बंड करणाऱ्यांच्या नावाने आज नवीन मुलांना दटावलं जातं. आपल्याकडे अशी उदाहरणं काही कमी नाहीत, असो.

शिवाय आकड्याचीही एक गंमत आहे. वेस्टनचा कॅमेरा आठ बाय दहा इंचाच्या फिल्मचा. एवढ्या मोठ्या फिल्मवर लेन्स लांब लागते आणि स्पष्टतेचा पट्टा फार अरुंद होतो, म्हणून एफ/६४ पर्यंत जावं लागे. आठ बाय दहावरच्या एफ/६४ ला जेवढी खोली मिळते, तेवढी आजच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यावर एफ/८ ते एफ/९ ला मिळते. साधा हिशेब आहे, फिल्मचा कर्ण सेन्सरच्या कर्णाच्या सुमारे साडेसात पट. म्हणजे फुल फ्रेमवर एफ/१६ लावणारा माणूस वेस्टनपेक्षाही दुप्पट कर्मठ झाला! गुरूने उपास सांगितला एकादशीचा, शिष्य करतोय महिनाभर.

बरं, या कर्मठपणाने फोटो जास्त शार्प होतो म्हणावं तर तेही नाही. बारीक भोकातून जाताना उजेड पसरतो, त्याला डिफ्रॅक्शन म्हणतात आणि लेन्स कितीही महाग असली तरी ते टळत नाही. एफ/१६ ला हिरव्या उजेडाचा एक बिंदू सेन्सरवर सुमारे २१ मायक्रॉनची चकती होऊन पडतो. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरचा एक पिक्सेल असतो सुमारे ६ मायक्रॉनचा. म्हणजे एक बिंदू तीन पिक्सेलपेक्षा जास्त रुंद होतो. बहुतेक लेन्स सगळ्यात धारदार असतात ते एफ/४ ते एफ/८ च्या मध्ये. तेव्हा ज्यांना फक्त धारच हवी आहे त्यांनीसुद्धा एफ/१६ ला ऊठसूट हात जोडायचं कारण नाही.

आणि पूर्ण उघडी लेन्स म्हणजे सगळंच धूसर, हाही गैरसमज. ३५ मिमीची लेन्स एफ/२ वर ठेवून २० मीटरवर फोकस केला तर साधारण १० मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. पुळणीवर उभं राहून समोर १० मीटरच्या आत काही नसेल तर एफ/२ आणि एफ/१६ मध्ये शार्पनेसचा फरक शोधायला भिंग लागेल. पण उजेडाचा फरक मात्र ६४ पट!

हे ६४ पट प्रकरण समुद्रावर फार कामाला येतं. सूर्य बुडाल्यावरची जी वेळ असते, वाळू अजून उजळ आणि पाणी शिशासारखं, तेव्हा समजा एफ/१६ ला चार सेकंद लागतायत. चार सेकंदात समुद्राचं होतं दूध. लाट नाही, फेस नाही, नुसता कापूस. याच कापसाचे फोटो सगळीकडे, गणपतीपुळ्याचा आणि गोकर्णचा समुद्र एकसारखाच. तेच एफ/२ ला चार सेकंदांचे होतात १/१५, आणि आयएसओ १०० वरून १६०० केला की १/२५०. आता लाट उभी राहते. तिच्या कमानीच्या आतला काळोख दिसतो. आमच्याकडच्या समुद्राला आवाज आहे, आणि १/२५० ला तो फोटोत ऐकू येतो असं मला वाटतं. कापसाला आवाज नसतो.

हे सगळं मी नुसतं वाचून बोलत नाही. मागच्या मे महिन्यात गावी गेलो होतो (वेंगुर्ल्याच्या अलीकडे, नातेवाइकांना पत्ता माहीत आहेच, बाकीच्यांनी वेंगुर्ल्याला या, कोणीही सांगेल समुद्र कुठे आहे ते). तेव्हा स्वतःला एक अट घातली. बारा दिवस लेन्स पूर्ण उघडी. एफ/२ सोडून दुसरा आकडा लावायचा नाही. नाहीतर मोह होतो.

पहिले तीन दिवस सगळं फुकट गेलं, हे आधी कबूल करतो. दुपारच्या उन्हात आयएसओ १०० ला एफ/२ लावलं की शटर १/६४०० च्या पुढे जातं, आणि वाळूवर तर त्याहूनही वर, कारण वाळू स्वतःच आरसा. माझा कॅमेरा १/४००० ला थांबतो. फोटो पांढरे फटक. शेवटी आठ पट उजेड अडवणारा काळा फिल्टर लावला. मग ओल्या कातळाच्या कडेला जांभळी किनार येऊ लागली, कोपरे काळवंडू लागले. लेन्स पूर्ण उघडल्यावर तिचे सगळे दोष चव्हाट्यावर येतात, ते मान्य. त्यातले काही मला आवडले, काही नाही.

पण खरी चूक उजेडाची नव्हतीच. माझी सवय एफ/१६ ची. तिथे फ्रेममध्ये पुढे एक दगड, मध्ये पाणी, मागे डोंगर असं रचून ठेवायचं आणि बाकी काम भोकावर सोडायचं. एफ/२ ला भोक म्हणतं, मी नाही करणार, तू सांग. दगड की पाणी की डोंगर? आणि मला सांगता येईना! मी मध्येच कुठेतरी फोकस करायचो आणि पुढचंही गेलं, मागचंही गेलं, ना धड इकडे ना धड तिकडे. तीन दिवस मी इतक्या सुंदर पुळणीवर उभा होतो आणि मला यातलं नेमकं काय दाखवायचंय हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं एफ/१६ ने हे माझ्यापासून लपवून ठेवलं होतं.

चौथ्या दिवशी पोटावर झोपलो. तिथून बदललं. वाळूवर छोट्या खेकड्यांनी बिळाभोवती मांडलेल्या गोळ्यांची रांगोळी असते ना, ती. रावणाच्या मिशांचे वाऱ्याने लोळत आलेले काटेरी गोळे. मर्यादवेल. लहानपणापासून या वेलीवरून आम्ही धावत गेलोय समुद्राकडे. समुद्राने हिच्या पलीकडे यायचं नाही म्हणून ती मर्यादवेल, असं आजी सांगायची. वाळू धरून ठेवायचं काम ती खरोखरच करते. पण एफ/१६ च्या एकाही फोटोत मी तिला बघितलं नव्हतं. असायची ती, स्पष्ट असायची, पानापानासकट. फक्त मागे सूर्यास्त असायचा आणि सूर्यास्तापुढे कोणाचं काय चालतं? सगळं शार्प असलं की नजर सवयीने जिथे जायची तिथेच जाते.

आपला डोळाही सगळं शार्प बघत नाहीच. हात लांब करून अंगठ्याचं नख बघा. साधारण त्या नखाएवढ्याच भागात डोळ्याची नजर तीक्ष्ण असते, बाकीचं आपण डोळे फिरवून गोळा करतो. पी. एच. इमर्सन नावाच्या इंग्रज फोटोग्राफरने १८८९ सालीच पुस्तक लिहून हा मुद्दा मांडला होता : मुख्य गोष्ट स्पष्ट ठेवा, बाकीचं किंचित मऊ, पण आकारच मोडेल इतकं नको. तो नॉरफोकच्या पाणथळ भागात होड्या आणि बोरूची बनं टिपत असे. पुढे त्याने स्वतःच आपले बरेचसे दावे मागे घेतले, त्यामुळे त्याला मी गुरू वगैरे करत नाही. पण 'आकार मोडू नका' हे मात्र पटलं. मागचा समुद्र समुद्र म्हणून ओळखू आला पाहिजे. नुसता रंगीत चिखल झाला तर मर्यादवेल कुंडीत लावली काय आणि किनाऱ्यावर काय.

यावर सगळ्यात कडक हल्ला सरांकडून आला नाही, तो आला माझ्या चुलतभावाकडून. दादा गावातच राहतो, त्याच्या मते मी चार दिवसांचा पाहुणा. रात्री पडवीत त्याला लॅपटॉपवर फोटो दाखवले. तो बघत राहिला आणि म्हणाला, "छान आहेत. पण तू घाण पुसतोस."

"म्हणजे?"

"अरे, त्या होडीच्या मागे प्लॅस्टिकचा ढीग आहे. त्या बाजूला सुरूची चार झाडं उन्मळून पडलीत, समुद्र आत येतोय. तुझ्या फोटोत ते काहीच नाही. मस्त रंग दिसतायत. रिसॉर्टवाल्याला दे, जाहिरातीत लावेल."

मी काहीतरी उत्तर दिलं, पण झोप लागली नाही. कारण तो बरोबर होता. धूसर करणं म्हणजे पुसणंही असतं. पहाटे रापण ओढतानाचा एक फोटो मी काढला होता, त्यात दोराची गाठ सुंदर स्पष्ट आणि तो दोर ओढणारी दहा-बारा माणसं मागे नुसत्या सावल्या. काढला तेव्हा फार खूश होतो. दादाच्या बोलण्यानंतर बघितला तेव्हा लाज वाटली. घाम त्यांचा आणि फोटो दोराचा. तो फोटो मी कुठेही लावलेला नाही, लावणारही नाही.

तेव्हा उघड्या लेन्सचा मी वकील आहे म्हणून तिच्या गुन्ह्यांवर पांघरूण घालणार नाही. आज तर फोनवरही बटण दाबून मागचं धूसर करता येतं. फोनवर एफ/१.८ लिहिलेलं असलं तरी त्याचा सेन्सर इतका छोटा की फुल फ्रेमच्या हिशेबात ते साधारण एफ/७ ते एफ/११ पडतं, म्हणून फोनचे फोटो आपसूकच सगळीकडे शार्प येतात, आणि धूसरपणा नंतर सॉफ्टवेअर हिशेब करून घालतं. म्हणजे आता शार्पही फुकट आणि धूसरही फुकट. दोन्हीपैकी कशाचंच कौतुक राहिलं नाही. उरला फक्त प्रश्न, की तुम्ही कशावर बोट ठेवताय?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दादाने सांगितलेल्या बाजूला गेलो. भरतीच्या रेषेवर नेहमीचा ऐवज होता : बाटल्यांची बुचं, जाळ्याचे निळे-हिरवे तुकडे, थर्माकोल आणि लहान मुलाची एक चप्पल. गुलाबी, एकाच पायाची, आत वाळू भरलेली. मागे सूर्य बुडत होता, उन्मळलेल्या सुरूची मुळं त्याच्यासमोर काळी दिसत होती. हाच देखावा मी दोन दिवस आधी सवयीने फोनवर काढला होता. त्या फोटोत चप्पल आहे, अगदी स्पष्ट आहे. कोणाला दिसली नाही, मलाही नाही. सगळे म्हणाले, काय सुंदर सूर्यास्त.

आता पोटावर झोपून एफ/२ ला चपलेवर फोकस केला. सूर्य झाला मागे एक मोठा नारिंगी डाग, मुळं झाली काळ्या बोटांसारखी, आणि मधोमध ती चप्पल, तिच्या पट्ट्यावरच्या मिठाच्या कणांसकट.

ग्रुपवर टाकला. एक काका म्हणाले, गावाची बदनामी कशाला? एका वहिनीने हात जोडलेलं चित्र टाकलं. आणि आत्याने, जिला आधीच्या फोटोत काय दिसना नाय, तिने विचारलं, "ती चप्पल कोणाची रे?"

या वेळी दर्या खंय गेलो ते तिने विचारलं नाही. समुद्र या फोटोतही तितकाच धूसर होता.

मला हेच सांगायचं आहे. सगळं शार्प ठेवलं की फोटोग्राफर सुटतो. तो म्हणतो, बघा बुवा, सगळं आहे यात, तुम्हाला हवं ते घ्या. सरकारी अहवालासारखं, सगळं कुठेतरी नमूद आहे आणि कोणी काही म्हटलेलं नाही. लेन्स उघडली की काहीतरी म्हणावं लागतं. ते चुकू शकतं. माझं दोराच्या बाबतीत चुकलं. पण कुठे चुकलं ते दादाला बोट ठेवून दाखवता आलं, कारण मी काहीतरी म्हटलं होतं. एफ/१६ च्या माझ्या शेकडो सूर्यास्तांवर आजवर कोणी बोट ठेवलं नाही. सगळे 'सुंदर' म्हणाले आणि पुढे गेले.

याचा अर्थ एफ/१६ जाळून टाका असा नाही. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर लाटांनी कातळ खाऊन खाऊन जी मधाच्या पोळ्यासारखी जाळी झाली आहे, तिथे मी एफ/११ लावतो, कारण तिथलं एकेक भोक हाच विषय आहे. निवतीच्या किल्ल्यावरून भोगव्याची पुळण बघताना तर जवळ काही नसतंच, तिथे आकड्याचा वाद व्यर्थ आहे. आणि आमच्या गावची ती पडलेली सुरूची रांग मी आता दर मे महिन्यात एकाच दगडावर उभा राहून, एकाच लेन्सने, एफ/८ ला काढणार आहे. समुद्र किती आत आला ती नोंद आहे. नोंदीत माझं मत घुसवायचं नसतं. ते दादाला कबूल केलंय.

पण नोंद वेगळी आणि बोलणं वेगळं, एवढं तरी क्लबातल्या ज्येष्ठांनी मानावं. समुद्राच्या फोटोवर पहिला प्रश्न 'अ‍ॅपर्चर किती' हा विचारू नये. 'तुला यात काय दिसलं' हे विचारावं. त्याचं उत्तर मुलाकडे नसेल तर मग खुशाल झाडा, एफ/२ असो की एफ/१६. आणि असेल, तर आकडा त्याचा त्याला ठरवू द्या.

मी पुढच्या बैठकीला ती चप्पल नेणार आहे. लँडस्केपमध्येच टाकणार आहे.